गस्तीला जाताना काठी कशाला?

प्रश्न : सांगलीत शंभर फुटी रस्त्यापासून आत आमची कॉलनी आहे. पंचवीस-तीस बंगले आणि चार अपार्टमेंट. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली दोन बंद घरं फुटली. कडी-कोयंडा उचकटून दागिने आणि रोकड नेली. पोलीस आले, पंचनामा झाला, श्वानपथकातला कुत्रा कोपऱ्यापर्यंत जाऊन घुटमळला. पुढं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. मग माझ्या मिस्टरांनी पुढाकार घेऊन रात्रगस्त सुरू केली. बारा-पंधरा पुरुष, हातात काठ्या आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या आठवड्यात पहाटे साडेतीनला त्यांनी सायकलवरून जाणाऱ्या एका मुलाला अडवलं. आधार कार्ड मागितलं, त्यानं "तुम्ही कोण?" असं विचारलं, तर दोन थोबाडीत दिल्या आणि 'संशयित' म्हणून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. तो बेकरीत कामाला जाणारा मुलगा निघाला. माझा १९ वर्षांचा मुलगा त्या वेळी गस्तीत होता. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. मिस्टर म्हणतात, "पोलीस काही करत नाहीत, मग आम्हीच बघतो." येत्या रविवारी पोलीस निरीक्षक कॉलनीत बैठकीला येणार आहेत. मोकळ्या प्लॉटवर पालं टाकून राहिलेल्या लोकांना हटवा, असा विषयही तिथं निघणार आहे. आम्ही काय मागायचं? गस्त बंद करा म्हणून सांगू का? मुलाला पाठवू की नको?
– एक गृहिणी, सांगली

ताई,

रविवारच्या आधी एक काम उरकून टाका. त्या मुलाचा फोटो ग्रुपवरून काढायला लावा. ज्यांनी तो पुढं पाठवला असेल त्यांनाही काढायला सांगा. आणि तुमच्या मिस्टरांनी, ज्यानं हात उचलला त्याला सोबत घेऊन, बेकरीत जाऊन माफी मागावी. मालकासमोर मागावी, कारण पोरगा त्या दिवशी कामावर उशिरा पोचला असणार आणि का उशीर झाला हे सांगताना त्याची काय अवस्था झाली असेल, ते वेगळं सांगायला नको. माफी मागितली म्हणून तक्रार करायचा त्याचा हक्क संपत नाही, हेही लक्षात असू द्या. कुणालाही बेकायदा वाटेत अडवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये येतं, मारहाण कलम ११५ मध्ये. फोटोखाली 'संशयित' लिहिणं अब्रुनुकसानीत जाऊ शकतं. "आम्ही कॉलनीच्या भल्यासाठी केलं" हे ठाण्यात एक वेळ ऐकून घेतील, कोर्टात नाही.

सामान्य माणसालाही चोर पकडता येतो, असं तुमच्या मिस्टरांना कुणीतरी सांगितलं असेल. येतो. अटक-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तशी तरतूद आहे. पण गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला पाहिजे, तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटविना अटक करता येते आणि जामीन हक्कानं मिळत नाही असा), नाहीतर तो माणूस कोर्टानं फरारी घोषित केलेला गुन्हेगार पाहिजे. आणि पकडल्यावर विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं असतं. नुसत्या संशयाला त्यात जागा नाही. पहाटे साडेतीनला सायकलवरून जाणं हा गुन्हा असता तर निम्मी सांगली-मिरज आत असती. दूधवाले, पेपर टाकणारी पोरं, मंडईला भाजी आणणारे, मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्सा आणि आया, कुपवाड एमआयडीसीतून पाळी संपवून निघालेले कामगार, हे सगळे त्याच वेळी रस्त्यावर असतात. आधार कार्ड मागण्याचा अधिकार तर तुम्हाला कुणी दिलेलाच नाही. पोरानं विचारलेला "तुम्ही कोण?" हा प्रश्न अगदी बरोबर होता.

काठ्यांचंही ऐका. सण, निवडणुका, आंदोलनं आली की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतो. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, ती कुणी वाचत नाही. काठ्या-शस्त्रं बाळगायला आणि परवानगीशिवाय पाच किंवा जास्त जणांनी जमायला त्यात मनाई असते. असा आदेश लागू असलेल्या रात्री चोर राहिला बाजूला, तुमची गस्तच गुन्ह्यात बसते.

मी हे घाबरवायला लिहीत नाही, पण आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट विसरू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी मुलं पळवणारी टोळी समजून बेदम मारलं. साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढंच. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेपायी पाच जण मारले गेले. ते मंगळवेढा भागातले, डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. दोन्ही ठिकाणी आधी अफवा फिरली आणि मग जमाव जमला. तुमची कॉलनी तिथवर गेलेली नाही. थोबाडीत देण्यापर्यंत मात्र आली आहे. त्या फोटोखाली ग्रुपवर किती जणांनी अंगठे टाकले, ते एकदा उघडून बघा.

आता मिस्टरांच्या रागाबद्दल. तो खोटा नाही. पंचनाम्यानंतर काहीच कळलं नाही की माणूस चिडतोच. पण कळवणं ही पोलिसांची मेहेरबानी नसून त्यांच्यावरचं बंधन आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवावं लागतं. कलम १९३. फिर्यादीची प्रत मोफत द्यावी लागते, हे कलम १७३. तेव्हा ज्यांची घरं फुटली त्या दोन्ही कुटुंबांना आधी विचारा की तुमच्या हातात प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत आहे का. पुष्कळ लोक साधा अर्ज देऊन येतात आणि गुन्हा नोंदला गेला असं समजून बसतात. नोंदला नसेल आणि ठाण्यातून टाळाटाळ होत असेल, तर तीच हकीकत लेखी, टपालानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आणि त्या फिर्यादीत दागिन्यांचं वर्णन कसं लिहिलंय ते वाचा. 'सोन्याचे दागिने अंदाजे आठ तोळे' एवढ्यानं सोनं ओळखू येत नाही. लग्नाच्या अल्बममधले फोटो, सराफाच्या पावत्या आत्ता तरी तपासी अंमलदाराला नेऊन द्या. घरफोडी करणारे एका जिल्ह्यात काम करून दुसऱ्या जिल्ह्यात पकडले जातात, तेव्हा मुद्देमालातली बोरमाळ कुणाची हे त्याच कागदांवरून ठरतं.

रविवारी काय होईल ते मी तुम्हाला आत्ताच सांगते. कुणीतरी उठून 'गस्त वाढवा' म्हणेल, साहेब 'वाढवतो' म्हणतील, चहा होईल, शाल-श्रीफळ होईल, फोटो निघेल. त्याऐवजी एकच गोष्ट पदरात पाडून घ्या. पोलीस ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते. तुमच्या बीटचा अंमलदार कोण हे कॉलनीत किती जणांना माहीत आहे? त्याला बैठकीला सोबत आणा, अशी विनंती आधीच करून ठेवा, आणि महिन्यातला एक वार ठरवून घ्या, ज्या दिवशी तो अर्धा तास कॉलनीत येऊन बसेल. मी साहेबांपेक्षा हवालदाराचा आग्रह का धरते याला कारण आहे. कायद्यानं निरीक्षक-उपनिरीक्षकांची एका ठाण्यातली मुदत साधारण दोन वर्षांची, पोलीस शिपाई-हवालदारांची एका जागी पाच वर्षांची. साहेबांशी ओळख होईतो बदलीची ऑर्डर येते. हवालदार तुमची पोरं शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत तिथंच असतो. त्याला गल्ल्या पाठ होतात, कुठल्या बंगल्यात म्हातारा-म्हातारी एकटे आहेत आणि मुलगा पुण्यात आहे, हे माहीत होतं.

खेड्यात ही मधली जागा भरलेली असते. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमानं पोलीस पाटील असतो, हाक मारली की ग्रामसुरक्षा दलाची पोरं धावतात. आपल्या तासगाव तालुक्यातले आर. आर. आबा गृहमंत्री असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तीही गावांसाठीच. कॉलनीत कोण असतं? सोसायटीचा सेक्रेटरी, आणि तो पार्किंगच्या भांडणात गुंतलेला. ही मधली जागा शहरात कशी भरायची याचं जुनं उदाहरण भिवंडीचं आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून गेलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना पोलिसांसोबत बसवलं. १९९२-९३ ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल आणि घरफोडी एक नव्हे, हे मान्य. पण पोलिसांचा चेहरा ओळखीचा असला की माणूस रात्री दोनला फोन करायला कचरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

फोनवरून आठवलं. रात्री काही दिसलं की तुमच्या ग्रुपवर 'कोण जागं आहे का' असं पडतं की नाही? पहिला फोन ११२ ला करायचा. तो फोन उचलणारी व्यक्ती सांगलीत बसलेली नसते, म्हणून 'मारुतीच्या देवळापाशी या' सांगून उपयोग नाही. शहर, रस्ता, मोठी खूण, गल्ली, असं क्रमानं सांगायचं. त्या फोनची वेळेसह नोंद होते. पुढं कुणी 'आम्हाला कळवलंच नाही' म्हणालं तर ती नोंद कामी येते, ग्रुपवरचा मेसेज येत नाही.

ग्रुपचा मला फारसा भरवसा नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 'आम्ही आठ दिवस कोकणात, घराकडं लक्ष ठेवा' असं लोक दीडशे जणांच्या ग्रुपवर लिहितात. त्यातल्या किती जणांना तुम्ही ओळखता? जुने भाडेकरू, सोडून गेलेला वॉचमन, कुणाचा तरी मेव्हणा, सगळे त्यात असतात. गावाला जाताना एका शेजाऱ्याला आणि बीट अंमलदाराला सांगायचं, बस्स. दागिने लॉकरात ठेवायचे. लॉकरचं भाडं आठ तोळ्यांपेक्षा स्वस्त पडतं.

ग्रुपऐवजी एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कुठं थांबली, माणूस काय करत होता. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. महिन्याच्या बैठकीत ती बीट अंमलदारासमोर ठेवायची. वही तुमच्यासारख्या बायकांकडे असू द्या. बंद घर हेरण्याचं काम दिवसाउजेडी होतं आणि दिवसा कॉलनीत बायका, इस्त्रीवाला, घरकाम करणाऱ्या मावश्या आणि गॅलरीत बसलेली म्हातारी माणसंच असतात. मावश्यांना बैठकीला बोलवा. आजवर त्यांच्याकडे फक्त संशयानं पाहिलं गेलं असेल, मत कुणी विचारलं नसेल. त्यांना जे दिसतं ते सेक्रेटरीला जन्मात दिसणार नाही.

त्या पालांबद्दल मी जरा कडक लिहिणार आहे. दोन घरफोड्यांशी त्या माणसांचा संबंध आहे असं दाखवणारं तुमच्या पत्रात काहीच नाही. त्यांची पालं आहेत, एवढंच. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण कॉलनीत चोरी झाली की आपली बोटं अजून तिकडंच वळतात. असं बोट दाखवल्यानं पोलिसांचा वेळ चुकीच्या दाराशी जातो आणि खरा चोर पुढच्या गल्लीत सवडीनं कुलूप तोडतो. तुम्ही पोलिसांना गाडीचा नंबर द्या, वेळ द्या, अंगावरचे कपडे सांगा. एखादी जात किंवा वस्ती देऊ नका. रविवारी हा विषय निघालाच, तर ताई, तुम्ही उठून एवढंच विचारा : "त्यांच्यापैकी कुणाला कुणी काही करताना पाहिलंय का?" प्लॉटच्या जागेचा प्रश्न असेल तर तो प्लॉटमालकाचा आणि महापालिकेचा आहे, त्याला चोरीचा विषय जोडू नका. उलट त्या बायामाणसांशी ओळख करून घ्या. त्या रात्री उघड्यावर झोपतात. अनोळखी गाडी आली तर ती पहिल्यांदा त्यांनाच दिसणार.

दिव्यांचं थोडक्यात. बंद पडलेल्या खांबांचे नंबर लिहून महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. मोकळ्या प्लॉटवरची वेडी बाभूळ आणि गाजरगवत काढायला मालकाला नोटीस द्या म्हणून त्याच अर्जात लिहा. हे काम पोलिसांचं नाही आणि त्यांच्यापुढं त्याचं रडगाणं गाऊन बैठकीची वीस मिनिटं घालवू नका.

एक गोष्ट मात्र पोलिसांनीच समजावून सांगावी असा आग्रह धरा, आणि त्यासाठी घरच्या आज्यांना बैठकीत पुढच्या खुर्च्या द्या. मोटारसायकलवर दोघं येतात, "आम्ही पोलीस आहोत, पुढं तपासणी चाललीय, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा" म्हणतात, पुडी बांधून देतात आणि घरी जाऊन सोडली तर आत खडे. दागिन्यांना पॉलिश करून देणारे वेगळेच. हे सगळं भर दिवसा होतं आणि तुमच्या रात्रीच्या पंधरा काठ्यांचा त्यावर काहीही उपाय चालत नाही. खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला सांगत नाही, हे वर्दीतल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं आजींच्या लक्षात राहील.

तर, गस्त बंद करायची का? नाही. पण आहे तशीही चालवू नका. ठाण्यात नावं आणि फोन नंबर देऊन, पोलिसांच्या संमतीनं, शक्य तर पोलीस मित्र म्हणून ओळखपत्रं घेऊन करा. एका वेळी चौघांपेक्षा जास्त नकोत. टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेला फोन आणि वही. कुणाला अडवायचं नाही. काही वावगं दिसलं तर लांबून बघायचं, शिट्टी वाजवायची, दिवे लावायचे, ११२ ला सांगायचं. चोराला पकडण्यापेक्षा तो पळून गेलेला परवडतो, कारण त्याच्या हातात कटावणी असते आणि तुमच्याकडं रक्तदाबाच्या गोळ्या. शिवाय उत्साहाचंही गणित असतं. दिवाळीतले पंधरा जण संक्रांतीपर्यंत चार होतात आणि शिमग्याला एकटे तुमचे मिस्टर उरतात. आताच चौघांच्या पाळ्या लावल्या तर निदान उन्हाळ्यापर्यंत टिकेल. मे महिन्यात तर निम्मी कॉलनी गावाला जाते, खरी गरज तेव्हाच असते.

मुलाला जाऊ द्या, पण आधी बेकरीत पाठवा. त्यानं हात उचलला नसेलही. तिथं उभा होता, तेवढं पुरे आहे. त्याला आणखी एक सांगा : पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी परीक्षा निघाली तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असते आणि अंगावर मारहाणीचा गुन्हा असला की तिथं अडचण होते. वडिलांच्या ग्रुपसाठी त्यानं पळापळीचा सगळा सराव पणाला लावू नये. बीट अंमलदार महिन्याला येईल तेव्हा त्याच्याबरोबर गल्लीतून एक फेरी मारायचं काम पोराला द्या. पोलीस रस्त्यात माणसाशी कसं बोलतो, हे त्याला अकादमीच्या आधीच बघायला मिळेल. त्या अंमलदारानंही पोरासमोर नीट बोलावं, अशी आपण आशा करू.

ता. क. – कॉलनीत कॅमेरे असणारच. आज रात्री प्रत्येकाला आपल्या डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ मोबाइलशी ताडून बघायला सांगा. ते वीस मिनिटं पुढंमागं असलं की तपासात घोळ होतो. चित्रण किती दिवस राहतं तेही बघा, कारण हार्डडिस्क भरली की जुनं पुसलं जातं. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच उचलतो. निदान एक कॅमेरा गाडीची नंबरप्लेट दिसेल इतका खाली लावा, आणि कुठलाही शेजारणीच्या खिडकीकडं वळलेला नको. चित्रण पोलिसांना द्याल तेव्हा साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र कॅमेऱ्याच्या मालकाला सही करून द्यावं लागतं. त्याचा नमुना रविवारीच मागून घ्या.